खुर्चीच्या जागेवर पेटी

आमची गाडी घेतली ती डिकी बघून. लोक इंजिन बघतात, रंग बघतात, लिटरला किती पळते ते विचारतात. आम्ही सांगलीच्या शोरूममध्ये आईची चाकाची खुर्ची घडी करून बरोबर नेली होती आणि दाखवतील त्या गाडीच्या डिकीत ती घालून बघत होतो. एकीत चाक अडायचं, एकीत दार बसायचं नाही. गाड्या दाखवणारा माणूस आधी हसला, मग वैतागला. आई तेवढा वेळ तिथल्या सोफ्यावर अवघडून बसली होती, कारण तिची खुर्ची सारखी कुठल्या ना कुठल्या डिकीत होती. शेवटी एका पांढऱ्या गाडीत खुर्ची आडवी सरकली, दार खटकन लागलं आणि माझा भाऊ टाळी वाजवून म्हणाला, "हीच घ्यायची. आईची गाडी."

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की गाडी त्याची, तो त्यात काहीही बसवेल, तुमचं काय जातं.

भाऊ माझ्याहून धाकटा. पलूसला ऊस आणि थोडी द्राक्षं बघतो. आई त्याच्याकडे असते. मी साताऱ्याला दिलेली, तिथंच एका सरकारी कचेरीत कारकुनी करते. आई न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरून पडली, तिचा खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण पायांनी काही पुन्हा तिचा भार घेतला नाही. तेव्हापासून ती खुर्ची. डावा पाय तिला फार दुमडता येत नाही, म्हणून गाडीत तिची पुढची सीट पार मागं सरकवून कलती करायची. म्हणजे तिच्या मागं कुणी बसू शकत नाही. ड्रायव्हरच्या मागं एक जागा उरते, तिथं भावजय बसायची, आणि खुर्ची डिकीत. अशी सगळी मांडणी होती. मिरजेला दवाखान्यात, तासगावला लग्नाला, कुठंही जायचं झालं तरी वाटेत थांबलं की भावजय खुर्ची काढायची, आईला बाथरूमला न्यायची, परत आणायची. बाई हवी आणि खुर्चीही हवी. एक असून दुसरं नसेल तर काही उपयोग नाही. मुलगा कितीही चांगला असला तरी आई काही त्याला बाथरूमच्या दारापर्यंत येऊ द्यायची नाही.

मग भावाला बेसचा, म्हणजे गाडीतल्या धडधडत्या आवाजाचा नाद लागला.

आमच्याकडं हल्ली पोरं लग्नाच्या वरातीत गाड्या आणतात, ओळीनं लावतात आणि डिक्या उघडतात. ज्याच्या डिकीतला आवाज जास्त, त्याची कॉलर ताठ. शेजारच्या गावच्या वरातीत भावानं असली एक गाडी बघितली आणि त्याला जेवण गोड लागेना. तो काही आता पोरगा नव्हता. कानाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते. पण आमच्यात पुरुषांची हौस चाळिशीत फुटते, आणि ती फुटली की घरादाराला कळते.

मला ते कळलं ते विश्रामबागेत. मी कामासाठी सांगलीला आले होते, काम उरकून भावाबरोबर पलूसला जायचं ठरलं होतं. त्यानं फोनवर सांगितलं, "आक्का, कार डेकोरच्या दुकानापाशी ये, मी हितंच हाय." गेले तर आमच्या गाडीचं आतडं बाहेर काढून ठेवलेलं. मॅट उलटलेलं, बॅटरीपासून बोटाएवढी जाड लाल वायर दाराच्या कडेनं मागं नेलेली. फूटपाथवर काळा गालिचा चिकटवलेली प्लायवुडची पेटी, आमच्या देव्हाऱ्याच्या दीडपट, आणि तिच्या तोंडाला परातीएवढा स्पीकर. तो सबवूफर, हे मला भावानं सांगितलं. डिकीचं माप घेऊन पेटी तिथंच बनवून घेतली होती. इकडं तिकडं रेघभर फट नको, नाहीतर खडखडते म्हणे. दुकानातल्या दोघांनी मिळून उचलली, "हळू, हळू" करत आत सरकवली. खुर्चीसारखीच ती आडवी बसली. पत्र्याच्या पट्ट्या आणि स्क्रू मारून खाली आवळून टाकली.

मी विचारलं, "खुर्ची?"

"मागच्या शिटावर. शीट कशाला हाय?"

"आणि तुझी बायको?"

"ती काय रोज येती व्हय आक्का? आन एवढं काय हाय, मी न्हाई का आईसंगं?"

"तू आईला बाथरूमला नेणार?"

दुकानातली माणसं बघायला लागली तसा तो ओशाळला, पण क्षणभरच. "तुझं आपलं कायतरी," म्हणाला आणि त्यानं आवाज चालू केला. आधी काही ऐकूच आलं नाही. मग माझ्या छातीत कुणीतरी आतून बुक्की मारल्यासारखं झालं. आरशातला रस्ता थरथरला, मागची नंबरप्लेट कडकड वाजायला लागली. भाऊ माझ्याकडं बघत होता. लहानपणी पतंग उंच गेला की असाच बघायचा, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीतला राग मी जवळ ठेवला.

पलूसला पोचल्यावर मी आईपुढं तोंड सोडलं. तुझी गाडी, तुझी डिकी, तुला विचारलं का? आई गवार मोडत बसली होती. म्हणाली, "आसू दे गं. हौसेला मोल न्हाई. दिसभर उनात मरतंय त्ये पोरगं."

"आणि तू कशी जाणार बाहेर?"

"मला कुठं जायाचं असतंय?"

पुढच्या काही महिन्यांत तेच खरं झालं. आईनं लग्नं सोडली, बारशी सोडली. दवाखाना सुटत नव्हता, म्हणून तिथं जायची. पुढं ती, शेजारी मुलगा, मागं खुर्ची. पण जायच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करायची. चहासुद्धा नाही. भावजयीनं मला हळूच सांगितलं तेव्हा मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ती म्हणती तहानच लागत न्हाई. मी काय जबरदस्ती पाजू?" बायकांची तहान अशीच असते, पुरुषाची सोय बघून लागते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, कारण पुढं तीच गळ्यात आली. आईला त्या आवाजाची सवय झाली होती. भाऊ गावाच्या वेशीवर असतानाच घरातल्या मांडणीवरची ताटं थरथरायची. मग आई म्हणायची, "आला." आणि सुनेला हाक मारायची, "तवा ठेव गं." तो हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. फोनवर बोलताना मलाही कधी कधी ती धडधड ऐकू यायची आणि आई वाक्य अर्धं टाकून म्हणायची, "ठेवते गं, आला."

आता मामाचं सांगते. आईला एकच भाऊ, तिच्या पाठचा. फौजेत होता, रिटायर होऊन साताऱ्यात घर बांधलं, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. मामी आधीच गेली. मुलगा वडिलांसारखाच फौजेत, लांब तिकडं सरहद्दीवर, आणि सून इथं मामाजवळ. दर भाऊबिजेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मिशी कोरून, पहिल्या एसटीनं पलूसला जायचा. "बहिणीचं बोलावणं म्हंजे ऑर्डर," असं म्हणायचा. त्याच्या नोकरीत सुट्टी मिळाली नाही ती वर्षं सोडली तर आईनं त्याला ओवाळलं नाही असं झालं नव्हतं.

त्या वर्षी मामानं अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं होतं, आणि सुनेनं मला. मी आईला सगळं सांगितलं नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, "दरसाल त्यो येतो. औंदा मी जाणार." खुबा मोडल्यापासून तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी भावाला म्हटलं, एका दिवसापुरती पेटी काढ. तो म्हणाला, वायरिंग आहे, स्क्रू आहेत, विश्रामबागेत नेल्याशिवाय निघत नाही, दिवाळीत दुकानं बंद. मी म्हटलं, बरं, तुझ्या बायकोला मागं बसव आणि खुर्चीचं बघ काहीतरी. तर भाऊबीज! भावजयीचे भाऊ त्याच दिवशी तिच्याकडं येणार. गल्लीतली एक बाई मोकळी नाही, प्रत्येकीला आपापला भाऊ. मी आदल्या दिवशी येऊन आईबरोबर बसते म्हटलं, तर बसू कुठं? ड्रायव्हरच्या मागं एकच जागा. एक तर मी, नाहीतर खुर्ची.

शेवटी म्हटलं, मी भाड्यानं मोठी गाडी करते.  भावाला खरं तर चाललं असतं, असं मला अजून वाटतं. बोलली ती आई.

"दारात गाडी असताना भाड्याच्या गाडीत बसू? लोकं काय म्हणतील माझ्या पोराला? आईला न्ह्यायाला याची गाडी व्हईना, वरातीला व्हती?"

"खरंच आहे ते," मी म्हटलं.

"खरं आसलं म्हणून गल्लीला दावायचं आसतंय व्हय?" आई म्हणाली.

 तिला भावाकडं जायचं होतं, पण मुलाची लाज झाकून जायचं होतं. या दोन्हींच्या मध्ये तिनं स्वतःच्या तहानेला उभं केलं.

भाऊबिजेला मी सकाळपासून मामाकडं होते. त्याला पाटावर बसता येत नव्हतं, म्हणून मी खाटेभोवतीच रांगोळी काढली. सुनेनं त्याची दाढी करून दिली, मिशीला कात्री तोच लावत बसला. इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगावर आता लोंबत होता. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता, करंज्या. माझा भाऊही येणार होता, म्हणून मी त्याचं तबक शेजारी मांडलं. राग राग म्हणून भाऊबीज थोडीच सोडता येते! मामानं काही खाल्लं नाही. "आधी आक्का येऊ दे," म्हणाला; आईला तो आक्काच म्हणायचा. औषधाची गोळीसुद्धा त्यानं रिकाम्या पोटी घेतली.

दुपार झाली तरी गाडी आली नाही. मग भावाचा फोन आला. कराडच्या थोडं पुढं आल्यावर आईला गरगरलं, मान टाकली. त्यानं गाडी वळवून कराडात एका दवाखान्यात नेलं. आता शुद्धीवर आहे, सलाईन लावलंय. "डॉक्टर म्हणत्यात अंगात पाणीच न्हाई. आक्का, ती काल सांजच्यापासनं काय प्यालीच न्हाई गं," असं तो मला सांगत होता. जशी काही ती बातमी होती.

तिथून पुढं यायला डॉक्टरांनी मना केलं. ते पलूसला परत गेले.

संध्याकाळी आईनं घरून फोन केला. म्हणाली, "मोबाईलवर तोंड दिसतंय न्हवं? त्येला म्हणावं, हितनंच ओवाळते." मी फोन मामापुढं धरला. पडद्यावर आई होती, हातात तबक, मनगटापाशी सलाईनची पट्टी. मामानं बराच वेळ बघितलं. मग हात आडवा केला. "न्हाई आक्का. फोटूला ओवाळायचं त्ये गेलेल्याला. मी अजून हाय. तू बरी हो, मग ये."

आई म्हणाली, "येते." तबक तिनं तसंच खाली ठेवलं.

मार्गशीर्ष लागला तोवर मामा गेला.

भावाला कळवलं, आणि तासाभरात पलूसहून मोठी जीप निघाली. भाड्याची. आई, खुर्ची, गल्लीतल्या बायका, सगळे त्यात ऐसपैस मावले. वाटेत दोनदा थांबून बायकांनी आईला खाली उतरवलं, चहा पाजला. ती साताऱ्यात पोचली तेव्हा तिचे ओठसुद्धा सुकलेले नव्हते. मातीला भाड्याच्या गाडीनं गेलं तर गल्ली काही म्हणत नाही. भाऊबिजेला गेलं तर म्हणते. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

मामाला बाहेर ठेवलं होतं. खुर्ची जवळ नेली. आईनं वाकून त्याच्या कपाळावर, टिळा लावायच्या जागी, अंगठा टेकवला. रडली नाही. "आले बग रं," एवढंच म्हणाली. मी माझ्या भावाकडं बघितलं. तो तिरडीला खांदा द्यायला पुढं झाला होता.

आई बाराव्यापर्यंत मामाच्याच घरी राहिली. कार्य झाल्यावर भाऊ तिला न्यायला आला, आपली गाडी घेऊन. मी म्हटलं, मी येते पोचवायला. मागच्या जागेवर मीच बसणार. खुर्ची राहू दे इथं, पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर तरी पाठवू. तोवर घरात प्लास्टिकच्या खुर्चीवर भागेल.  भावानं आईला उचलून पुढं बसवलं, सीट मागं केली.

सातारा सोडलं. गाडीत आवाज नव्हता. गाणं नाही, धडधड नाही, नुसता टायरचा घोंघाट. मला वाटलं, सुतकाची तरी लाज आहे याला. किती दिवसांनी त्याच्याबद्दल चांगलं काहीतरी मनात आलं. ते वाया जाऊ नये म्हणून मी बोलले, "बरं केलंस, बंद ठेवलंस ते."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "बंद न्हाई ठेवलं आक्का. जळलंय त्ये."

"कधी?"

"गणपतीत. इसर्जनाला लय वाढीवलं हुतं. धूर आला, तवापास्नं गप हाय."

मला पहिल्यांदा हिशोबच लागेना. गणपती. मग नवरात्र. मग दिवाळी. मग भाऊबीज. "म्हणजे भाऊबिजेला ती पेटी बंद होती?"

"व्हय."

"मग काढली का नाहीस?"

तो समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, "काढली की पोरं इचारत्यात, का काढली. डिकी उघडली की दिसती तर खरी. वाजती का न्हाई, कोन बघतंय." आणि मग जरा थांबून, "लय जड हाय गं ती."

मी तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला, गाडी चालवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मग पुढच्या सीटवरून आईचा हात मागं आला आणि माझ्या गुडघ्यावर बसला.

"त्येला नको बोलू. मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"पेटी बंद पडलेली. वेशीपास्नं आवाज येत न्हवता न्हवं. चुलीवर तवा ठेवायचा अंदाजच लागंना. गणपतीपास्नं ह्यो दारात येतो, तवा कळतंय आला म्हणून. भाकरी येक तर थंड, न्हाईतर कच्ची."

"आई, मग तू बोलली का नाहीस? मामा वाट बघत होता गं. तुझा भाऊ."

 बाहेर ऊसतोड चालली होती, बैलगाड्यांची रांग होती, भाऊ मागं अडकला होता आणि हॉर्न वाजवत नव्हता.

"काय बोलू?" आई म्हणाली. "येवढी हौसेनं केल्याली वस्तू जळाली त्येची. तोंड येवढंसं करून बसलं हुतं पोरगं. त्यात आणि माजी खुर्ची कुठं मदी घालू?"

भाऊ तेव्हा रडला. गाडी चालवत, आवाज न करता, एका हातानं नाक पुसत. आईनं पदर पुढं केला. माझ्या गुडघ्यावरचा हात काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. मला त्या दोघांचाही इतका राग आला की खिडकीबाहेर बघत बसले. हिचा भाऊ मेला होता, आणि समजूत हिच्या मुलाची निघत होती.

कराडला एका हॉटेलापाशी भावानं गाडी थांबवली. न विचारता जाऊन पाण्याची बाटली आणि चहा घेऊन आला. माझ्या हातात बाटली देऊन म्हणाला, "पाज तिला. तू हाईस न्हवं आता." ते खरं होतं. आता मी होते. बाई होती. मी बाटलीचं टोपण काढलं, बाटली पुढं केली.

आईनं आधी हॉटेलाकडं बघितलं. बाथरूमची पाटी पार मागच्या बाजूला होती, मध्ये खडी आणि दोन पायऱ्या. मग तिनं मागं वळून माझ्या शेजारी बघितलं. तिथं खुर्ची नव्हती. ती साताऱ्याला, मामाच्या ओसरीवर, मीच ठेवून आले होते.

"नको," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पीन."

मी टोपण परत लावलं. भावानं गाडी पलूसच्या रस्त्याला वळवली.